मानमोडीच्या सालातले प्राध्यापक

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झा फैलावला आणि पुढे रेल्वेच्या वाटांनीच देशभर गेला. लोक त्याला मानमोडी म्हणत. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट पहिलीहून कितीतरी जीवघेणी ठरली. त्याच साली पाऊसही दगा देऊन गेला.

त्या वर्षीच्या मुंबईतल्या मृत्यूंची नोंद समाजवार झाली होती. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९, आणि ‘खालच्या जाती’ म्हणून नोंदवलेले हिंदू ६१.६. कोंदट वस्त्या, अर्धपोटी शरीरं आणि हातावरचं पोट यांची ती किंमत होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात २७ वर्षांचे भीमराव आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये, बिऱ्हाड परळच्या चाळीत. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी त्यांना फारसं मोजलं नाही. पण त्यांची तयारी इतकी पक्की असे, की काही दिवसांतच दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही परवानगी काढून त्यांच्या तासाला बसू लागली.

प्राध्यापकांच्या खोलीत चित्र वेगळं होतं. तिथल्या सामायिक भांड्यातलं पाणी त्यांनी पिऊ नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसालाही जात सुटली नव्हती.

आंबेडकर वर्गापुरते थांबले नाहीत. २७ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि प्रतिनिधित्व मागितलं. त्याच वर्षी कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला. ३१ जानेवारी १९२० रोजी आंबेडकरांचं ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघालं, त्याला महाराजांनी पैशाचं बळ दिलं. मार्चमध्ये आंबेडकरांनी नोकरी सोडली आणि नंतर ते उरलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले. परतल्यावर १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली आणि पुढच्याच वर्षी सभेचं विद्यार्थी वसतिगृह सोलापुरात सुरू झालं.

आपल्या कॉलेजांत साथींचा इतिहास शिकवताना १९१८ चे हे आकडे आणि सिडनहॅममधलं ते पाण्याचं भांडं एकाच तासाला मुलांपुढे मांडायला हवं. करोनानंतरच्या पिढीला तो धडा देण्याची जबाबदारी प्राध्यापकांची आहे.