मॉगर पडला म्हणून?

आज फक्त एक वाक्य तपासू या. "१९७३ मध्ये आयव्हन मॉगर पडला आणि येझी श्चाकिएल जगज्जेता झाला." या वाक्यात चूक शोधून दाखवा. नाही सापडणार. मॉगर खरंच पडला होता आणि श्चाकिएल खरंच जगज्जेता झाला. पण मधला तो 'आणि' वाचताना आपण मनातल्या मनात 'म्हणून' वाचतो. संशोधनातल्या बऱ्याच चुका अशाच होतात: तथ्यं बरोबर असतात, जोड चुकते.

आधी खेळ समजून घ्या, कारण आपल्याकडे तो फारसा कुणाला माहीत नाही. स्पीडवे म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत. गाडी ५०० सीसीची, मिथेनॉलवर चालणारी, एकच गिअर आणि ब्रेक नाहीच! वळणावर मागचं चाक घसरवत, डावा पाय जमिनीला टेकवत गाडी वळवायची. एका शर्यतीत चार जण, चार फेऱ्या. मिनिटभरात खेळ खलास. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य.

तेव्हा जगज्जेता एकाच दिवसात ठरायचा. अंतिम फेरीत सोळा स्वार आणि वीस शर्यती. प्रत्येकाच्या वाट्याला पाच शर्यती, दर शर्यतीत तीन प्रतिस्पर्धी. पाच त्रिक पंधरा, म्हणजे प्रत्येक जण उरलेल्या पंधराही जणांशी एकदा भिडतो. ही रचना लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

२ सप्टेंबर १९७३. पोलंडमधल्या होजूफचं सिलेशियन स्टेडियम खच्चून भरलेलं. मॉगर न्यूझीलंडचा, तोवर चार वेळा जगज्जेता. श्चाकिएल चोवीस वर्षांचा, ओपोलेच्या 'कोलेयाश' क्लबचा स्वार. वीस शर्यती संपल्या तेव्हा दोघांचे गुण सारखेच होते: १५ पैकी १३. निकालासाठी दोघांचीच एक जादा शर्यत झाली. तीत श्चाकिएल पुढे होता, त्याला ओलांडायला जाताना मॉगर पडला. पोलंडला वैयक्तिक स्पर्धेतला पहिला जगज्जेता मिळाला आणि त्याच दिवशी 'नशिबानं जिंकला' ही कुजबुजही जन्माला आली.

आता कागद-पेन घ्या. तिसरा आलेल्या झेनोन प्लेखचे गुण १२. समजा मॉगर पडला नसता आणि जादा शर्यत त्यानंच जिंकली असती. मग श्चाकिएल कितवा आला असता? दुसरा. त्याच्या खाली जाणं शक्यच नव्हतं. म्हणजे त्या पडण्यानं फार तर पहिला आणि दुसरा यांतला फरक ठरला. तिथपर्यंत पोचवणारे १३ गुण त्याआधीच, पंधरा जणांशी भिडून, खात्यावर जमा होते. नशिबाला वाटा द्यायचाच असेल तर जरूर द्या, पण किती ते मोजून द्या.

मग उलट टोकाला जाऊन 'तो महानच होता' असं लिहायचं का? थांबा. १९७१ कडे बघा. त्या वर्षी रिब्निकला जोड्यांच्या जागतिक स्पर्धेत श्चाकिएल आणि आंजेय विग्लेंदा यांनी प्रत्येकी १५, मिळून ३० गुण मिळवले. ३० हे शक्य असलेले सगळे गुण. म्हणजे सहाच्या सहा शर्यतींत पहिला आणि दुसरा क्रमांक यांचाच! आणि त्याच वर्षी स्वीडनमध्ये गोटेबोर्गला झालेल्या वैयक्तिक अंतिम फेरीत श्चाकिएलला मिळाला भोपळा. माणूस तोच, वर्षही तेच.

माझ्या टिपणांत या तीन नोंदी एकाखाली एक आल्या तेव्हा मी अडकले. एक नोंद त्याला थोर म्हणते, दुसरी सामान्य, तिसरी नशीबवान. गाईडना वही दाखवली. त्यांनी एकच विचारलं, "तू माणूस मोजते आहेस की मोजपट्टी?"

उत्तर तिथेच होतं. एका दिवसाची, पाच शर्यतींची स्पर्धा एका दिवसाचा फॉर्म मोजते. घरचं मैदान, त्या दिवसाचा ट्रॅक, एखादी चुकलेली सुरुवात, या सगळ्यांचं वजन अशा मोजणीत वाढतं. पूर्ण कारकीर्द तिच्यात मावत नाही. पुढे १९९५ पासून ही एकदिवसीय अंतिम फेरी बंद झाली आणि जगज्जेता हंगामभरातल्या ग्रां प्री फेऱ्यांच्या गुणांवर ठरू लागला. पोलंडचा दुसरा जगज्जेता तोमाश गोलोब हा २०१० मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी, या नव्या पद्धतीतून आला. त्यामुळे श्चाकिएल आणि गोलोब यांची विजेतेपदं शेजारी ठेवून 'मोठा कोण' विचारणं म्हणजे एक गोष्ट फुटात आणि दुसरी मीटरमध्ये मोजून नुसते आकडे ताडण्यासारखं आहे.

आणखी एक. श्चाकिएल काही आकाशातून पडला नव्हता. त्याच्या आधी १९६१, १९६५, १९६६ आणि १९६९ मध्ये पोलंडनं सांघिक जगज्जेतेपद जिंकलं होतं. १९७० च्या व्रोत्सवाफमधल्या अंतिम फेरीत मॉगरच्या मागोमाग दुसरा पावेल वालोशेक होता आणि तिसरा अंतोनी वोरिना, दोघंही पोलिश. म्हणजे दार बरीच वर्षं ठोठावलं जात होतं. ते उघडलं तेव्हा उंबऱ्यावर श्चाकिएल उभा होता.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा हे वापरून बघा. 'अमुक यशस्वी का झाला?' या प्रश्नाआधी 'यश मोजलं कशानं?' हा प्रश्न लिहा. आणि आपल्या मसुद्यातला प्रत्येक 'आणि' तपासा, त्याच्या आड एखादा 'म्हणून' लपलेला असतो.

१ सप्टेंबर २०२० ला श्चाकिएल गेला. होजूफच्या त्या दिवसाला ४७ वर्षं पूर्ण व्हायला एकच दिवस बाकी होता. निदान आपण तरी त्याची ओळख दुसऱ्याच्या पडण्यानं करून देऊ नये. त्याचे १३ गुण आधी सांगावेत, मग मॉगरचं पडणं.