मानमोडीनंतरची शाळा

तारापूर-चिंचणीकडच्या जुन्या बायकांना जन्मतारखा ठाऊक नसत. वय विचारलं की म्हणत, "मानमोडीच्या साली मी रांगत होते," किंवा "आम्ही प्लेगात माळावर राहिलो, त्याच्या पुढच्या वर्षी थोरला झाला." माझ्या आजीनं या साथी पाहिल्या नव्हत्या. भोगल्या होत्या तिच्या सासूबाईंनी. आजीनं मात्र त्या इतक्यांदा ऐकल्या होत्या, की सांगताना जणू ती तिथेच असायची.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि मुंबईकर मिळेल त्या वाटेनं पळत सुटले. गुजरातकडे जाणारा लोहमार्ग आमच्याच पट्ट्यातून जातो, त्यामुळे माणसांबरोबर धास्तीही उतरली. घरात उंदीर मेलेला दिसला की दार ओढून घ्यायचं आणि माळावर झोपडी घालायची. मुंबईहून आलेल्या सख्ख्या भावालाही वेशीबाहेर चिंचेखाली बसवत, भाकरी लांबूनच ठेवत, असं सासूबाई सांगत.

मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएन्झा. जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेला हा ताप पावसाळा सरता सरता दुप्पट जोरानं उलटला. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता. जे काही भात तरलं, ते कापायला घराघरांत धडधाकट माणूस नव्हतं. आळीत एकच चूल पेटत होती. त्या घरची बाई मोठ्या टोपात पेज शिजवायची, प्रत्येकाच्या ओट्यावर वाडगा ठेवून हाक द्यायची आणि चार पावलं मागे सरायची. तिच्या त्या पेजेवर आळी जगली.

मी एकदा विचारलं, "आजी, वारल्यांच्या पाड्यावर पेज कुणी नेली?"

आजी थबकली. "ते काही सासूबाईंनी सांगितलं नाही रे."

१९११ ते १९२१ या एकाच दशकात भारताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, असं जनगणना सांगते. आळीच्या आठवणी आमच्यापर्यंत पोचल्या. पाड्यावरचे मेलेले त्या आकड्यात मिसळून गेले.

साथीनं माणूस शहाणा होतो, हे म्हणायला बरं वाटतं. आजीच्या गोष्टींत तसं काही घडत नाही. ताप ओसरला, सावकार पुन्हा दारात आला, वेठबिगार होती तशीच चालू राहिली. जे बदललं ते माणसांनी वर्षानुवर्षं खपून बदललं. १९२०मध्ये शिक्षक आचार्य भिसे बोर्डीच्या शाळेसाठी आले. मानमोडीमुळे आले असं मी म्हणणार नाही. पण माणसं गमावलेल्या या किनाऱ्यावर पुढच्या पिढीसाठी कुणीतरी घट्ट बसून काम सुरू केलं. १९४५मध्ये बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. त्याच वर्षी किसान नेत्या गोदावरी परुळेकरांबरोबर वारली आदिवासी वेठीविरुद्ध उभे राहिले. १९५७मध्ये ताराबाई-अनुताईंचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, ही कुरणशाळा तिथलीच. आजी ज्या प्रश्नावर थबकली, त्याचं पहिलं उत्तर मला तिथे सापडतं.

मग २०२० उजाडलं आणि करोनाची साथ आली. गावागावांनी रस्त्यात बांबू आडवे टाकले. १६ एप्रिलला आमच्याच भागातल्या गडचिंचले गावात चोर आल्याच्या अफवेनं दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जमावानं जीव घेतला. भीती माणसाला कुठवर नेते, हे साऱ्या देशानं पाहिलं. तारापूर औद्योगिक वसाहतीतले परप्रांतीय कामगार गावाकडे निघाले. वीटभट्ट्यांवरची कुटुंबं पोरं कडेवर घेऊन जव्हार-मोखाड्याकडे चालत सुटली. १ ऑगस्ट २०१४ला जन्मलेल्या आमच्या पालघर जिल्ह्याला स्वतःचं जिल्हा रुग्णालय नव्हतं. पेशंट घेऊन सिल्वासा, वलसाड नाहीतर मुंबई गाठायची. शाळा मोबाइलवर भरल्या आणि पाड्यांवर तर रेंजच नव्हती. तेव्हा काही शिक्षक फळा घेऊन पाड्यावर गेले, झाडाखाली, ओट्यावर मुलं जमवून बसले. सरकारी आदेशाच्या आधीच त्यांना वाट ठाऊक होती. ती कोसबाडनं पाडलेली वाट.

आशा मला इथेच दिसते, पण ती जिवंत ठेवायला कामही तेवढंच लागतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मोजणीत तारापूर ९३.६९ गुणांसह देशातलं सर्वात प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं. आधीच दमलेली फुप्फुसं घेऊन पुढच्या साथीला कसं तोंड द्यायचं? औषधांचा कच्चा माल जिथे बनतो, तिथल्याच माणसाला धड हवा आणि धड दवाखाना मिळू नये, याला प्रगती म्हणवत नाही.

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे सगळे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या, कायद्याखालचे तालुके. म्हणजे हे प्रश्न विचारायचा अधिकार इथल्या ग्रामसभेला आहे आणि पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो. तेव्हा पुढच्या ग्रामसभेला जरूर जा. आपल्या सगळ्यात लांबच्या पाड्यावर नर्स कधी येते, अंगणवाडी किती दिवस उघडी असते आणि पिण्याचं पाणी कुठून येतं, हे तीन प्रश्न विचारा, आणि मिळालेली उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.