राहुट्या आणि कनाती : तमाशाच्या मुक्कामाचा इतिहास

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास कापडी राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीच्या तोंडाशी एका तमाशा फडाचा रंगीत फलक असतो. आत सतरंजी, एखादे टेबल, पंचांग, करारांची वही आणि फडाचा मालक किंवा व्यवस्थापक. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, संगमनेर, पारनेर अशा तालुक्यांतून गावोगावचे यात्रा कारभारी इथे येतात, आपल्या जत्रेची तिथी सांगतात, एका राहुटीतून दुसरीत फिरून भाव काढतात आणि फड ठरला की सुपारी देतात. या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते यामुळेच.

तमाशाचा इतिहास बहुतेक वेळा शाहिरांचा, लावण्यांचा आणि गाजलेल्या कलावतींचा म्हणून सांगितला जातो. फड कुठे उतरला, कुठे झोपला, कुणाच्या जागेत त्याची चूल पेटली, हा भाग त्यात ओझरता येतो. तमाशाला आजचे रूप देण्यात मात्र या मुक्कामाचा वाटा कवनांइतकाच मोठा आहे. खेळ किती वेळ चालायचा, त्याचे पैसे कोण देणार आणि तो पाहायला कोण येणार, या गोष्टी फड कुठे व कसा उतरतो यावर ठरत आल्या.

मुक्कामाचे वेळापत्रक शेतीने आखून दिले. रब्बीची ज्वारी आणि गहू खळ्यातून घरात आले की चैत्र-वैशाखात शेतकऱ्याचा हात मोकळा होतो आणि गाठीला चार पैसेही असतात. ग्रामदैवतांच्या बहुसंख्य जत्रा याच दिवसांत भरतात. पावसात मैदानावर खेळ होत नाही, म्हणून तेव्हा फड घरी बसतात, नव्या वगांच्या, म्हणजे कथानाट्यांच्या, तालमी घेतात आणि दसऱ्याला वाद्यांची व घुंगरांची पूजा करून बाहेर पडतात. मोठे, पूर्णवेळ फड दसऱ्यापासून बुद्ध पौर्णिमेच्या आसपासपर्यंत फिरतात. हंगामी फड फक्त जत्रांच्या दीड-दोन महिन्यांपुरते बांधले जातात.

पेशवाईच्या उत्तरार्धात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांना पुण्यात दरबारी आणि सरदारी आश्रय होता. १८१८ साली पेशवाई बुडाली तसा हा आश्रय आटला आणि तमाशाला खेड्यांकडे वळावे लागले. त्याचे कलावंत प्रामुख्याने महार, मांग आणि कोल्हाटी समाजांतले होते. गावाने त्यांना जत्रेला मानाने बोलवायचे, रात्रभर त्यांच्या कलेवर खूश होऊन पैसे उधळायचे आणि उतरायची जागा मात्र वेशीबाहेर, महारवाड्यात, मांगवाड्यात किंवा ओढ्याकाठच्या झाडाखाली द्यायची, अशी रीत होती. ज्यांच्या ढोलकीवाचून जत्रा पुरी होत नसे, त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे. फडाचा तळ गावापासून अंतर राखून पडायचा याचे मूळ जागेच्या सोयीत नव्हते. ते जातिव्यवस्थेत होते. ही गोष्ट वगळून तमाशाच्या भटकंतीचे वर्णन करणे अन्यायाचे ठरेल. पुढे आंबेडकरी चळवळीच्या काळात महार समाजातल्या अनेक कलावंतांनी तमाशाची वाट सोडून प्रबोधनाचे जलसे उभे केले, त्यामागेही हाच अपमान होता.

पेशवाईनंतर खेड्यांत गेलेला तमाशा मैदानी होता. देवळापुढचे पटांगण, एखादा पार किंवा मोकळे शेत ही रंगभूमी आणि पलित्यांचा व दिवट्यांचा उजेड. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज घेऊन मोजकी माणसे उभी राहत. स्त्रीभूमिका आणि नाच नाच्या पोऱ्याकडे असे. स्त्रिया फडात आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. खेळाची लांबी वाढली ती वगामुळे. उमाजी सावळजकर यांनी १८६५च्या सुमारास रचलेला ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानला जातो. गण, गवळण, बतावणी आणि रंगबाजी या भागांच्या मागे सलग कथानक आले आणि तमाशा उजाडेपर्यंत चालू लागला.

याचा परिणाम प्रेक्षकांच्या मुक्कामावरही झाला. रात्र तमाशातच जायची म्हटल्यावर आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची माणसे बैलगाड्या जुंपून मुक्कामाच्याच तयारीने येत. गाड्या सोडायच्या, बैलांपुढे कडबा टाकायचा, तीन दगडांची चूल मांडायची, गाडीखाली घोंगडी अंथरायची. ज्यांचे नातलग गावात असत ते पाहुणे म्हणून घरी उतरत आणि घराघराच्या अंगणात पंगती उठत. देवदर्शन, बाजारहाट, सोयरीक जमवणे, बैल पाहणे आणि तमाशा हे सगळे त्या एका मुक्कामात उरकायचे. तमाशाच्या बैठकीत मात्र पुरुषच असत. बायकांनी तमाशा पाहणे गावाला मान्य नव्हते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरणगावात आणि पिला हाऊसच्या परिसरात तमाशाला छपराखालचे रंगमंच मिळाले. रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), आणि नर्तकी पवळा यांची जोडी तिथे गाजली. बापूरावांनी कुलकर्णीपण सोडून फडाबरोबर राहणे पत्करले होते. ब्राह्मण घरातल्या माणसाने तमाशाच्या बिऱ्हाडात जाऊन बसणे हीच त्या काळी खळबळजनक गोष्ट होती. पुढे लावणी-नृत्याची संगीत बारी थिएटरांच्या आश्रयाने एका जागी स्थिरावली, तर वग करणाऱ्या ढोलकी फडाने फिरतीच धरून ठेवली. राहुटी आणि कनात यांचा इतिहास हा ढोलकी फडाचा इतिहास आहे.

१९४८ साली बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी घातली. कलावंतांची उपजीविका एका आदेशाने थांबली. त्यानंतर सुधारणेसाठी समिती नेमली गेली आणि संहिता तपासून घेण्यासारख्या अटींवर खेळ पुन्हा सुरू झाले. परवाना, तपासलेली संहिता आणि पोलीस ठाण्याची परवानगी हे कागद तेव्हापासून फडाच्या पेटीत आले ते कायमचे.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत कनातीचा तमाशा वाढला. कनात म्हणजे मैदानाभोवती उभे केलेले कापडी कुंपण. वर बहुधा उघडे आभाळच. कनात आल्यावर तिकीट लावता आले, आणि फड गावकीच्या वर्गणीवर किंवा पाटलाच्या मर्जीवर पूर्णपणे अवलंबून राहिला नाही. बैलगाडीची जागा ट्रकने घेतली, गॅसबत्तीची जनरेटरने. मोजक्या माणसांचा फड शंभराच्या पुढे गेला. त्यात नर्तकी, सोंगाड्या, सुरते, ढोलकीवाले, गायक-नट यांच्याइतकीच संख्या कनात ठोकणारे बिगारी, चालक, आचारी आणि वायरमन यांची होऊ लागली.

तळ पडण्याची पद्धत ठरलेली असते. सामानाचा ट्रक आधी पोहोचतो. बिगारी मैदान पाहून प्रवेशाचे तोंड आणि रंगमंचाची बाजू ठरवतात, पहारीने खड्डे घेतात, खांब उभे करतात आणि दोरखंडांनी कापड ताणतात. रंगमंच फळ्यांचा, जोडून उभारायचा आणि रातोरात उकलायचा. त्याच्या मागच्या अंगाला राहुट्या पडतात. तिथेच रंगपट आणि तिथेच बिऱ्हाड. प्रत्येक कलावंताची एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात नऊवारी, घुंगरू, रंगाचे डबे, आरसा आणि देवाची तसबीर एकत्र राहतात. तान्ह्या मुलांसाठी दोन खांबांमध्ये लुगड्याची झोळी बांधलेली असते. चूल सगळ्या फडाची मिळून एक; भाकरी आणि कालवण मोठ्या पातेल्यांत. कनातीच्या मुक्कामात रात्री खेळ सुटला की कापड उतरते, फळ्या ट्रकवर चढतात आणि माणसे सामानावरच अंग टाकून पुढच्या गावाला निघतात. झोप होते ती दुपारी, नव्या गावात, खांब ठोकल्याच्या आवाजात.

या बिऱ्हाडात बायकांच्या वाट्याला सर्वांत जास्त कष्ट आले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्याबद्दल सांगितला जाणारा प्रसंग सर्वश्रुत आहे : खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या, रंगमंचामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. हा प्रसंग त्यांच्या जिद्दीचा दाखला म्हणून सांगितला जातो आणि ती जिद्द असामान्य होतीच. पण त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मुक्कामाच्या ठिकाणी बाळंतिणीसाठी वेगळी जागा नव्हती, दवाखाना जवळ नव्हता आणि खेळ थांबवण्याची सोय नव्हती. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीचे अखेरचे दिवस ओढग्रस्तीत गेले.

नारायणगावला हे स्थान मिळण्यात विठाबाईंच्या घराण्याचा मोठा भाग आहे. त्यांचे वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा फड नावाजलेला होता. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी ही परंपरा पुढे चालवली. दत्ता महाडिक पुणेकर, तुकाराम खेडकर व कांताबाई सातारकर, चंद्रकांत ढवळपुरीकर यांच्या फडांनीही हा पट्टा गाजवला. त्याला गावाच्या जागेची जोड मिळाली. नारायणगाव हमरस्त्यावर आहे, मोठ्या बाजाराचे आहे आणि चहूबाजूंनी दाट वस्तीच्या, सधन गावांनी वेढलेले आहे. त्या प्रत्येक गावाची स्वतःची जत्रा आणि दोन दिवसांचा तमाशा ठरलेला. कारभाऱ्यांना फडमालकांच्या घरी हिंडण्यापेक्षा सगळे फड एका ठिकाणी भेटणे सोयीचे होते, आणि फडांनाही.

राहुटीतला सौदा तिथीवर चालतो. चैत्र पौर्णिमा किंवा कालाष्टमी अशा तिथींना शेकडो गावांच्या जत्रा एकाच दिवशी येतात. फड तेवढेच असतात, म्हणून त्या दिवसांची सुपारी चढते. रिकाम्या तिथीला तोच फड बराच कमी पैशांत मिळतो. कारभारी कलावंतांची संख्या, नर्तकींची संख्या, वगाचे नाव, प्रकाशयोजना असे सगळे विचारून घेतात. व्यवहार जमला की इसार दिला जातो आणि वहीत गावाचे नाव, तिथी व ठरलेली रक्कम लिहिली जाते. या इसारावर फडमालकाचे पुढचे गणित असते. पावसाळ्यात त्याने कलावंतांना उचल दिलेली असते, ती बहुधा सावकाराकडून व्याजाने आणलेली. चैत्रातल्या सुपाऱ्या कमी पडल्या तर कर्ज पुढच्या वर्षात जाते. अनेक नामांकित फड या एका कारणाने मोडले.

जत्रेच्या गावात फड दुपारपर्यंत पोहोचतो. सकाळी अभिषेक आणि मांडव डहाळे झालेले असतात, हारतुरे आणि शेरणीचे वाटप चालू असते. रात्री देवाचा छबिना निघतो, शोभेची दारू उडते आणि त्यानंतर तमाशा उभा राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी. रात्रीच्या खेळाहून हा कार्यक्रम मोकळा असतो. गावकरी फर्माइशी करतात, नावे पुकारून बक्षिसे देतात. दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो तेव्हा फड पुढच्या गावच्या रस्त्याला लागलेला असतो. जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांत दिवसा घाटात बैलगाडा शर्यती आणि रात्री तमाशा ही जोडी होती. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली तेव्हा बाहेरगावच्या शौकिनांची एक मोठी गर्दी जत्रांपासून तुटली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली.

कनातीचा तमाशा त्याच्या पूर्ण ऐश्वर्यात पाहायला मिळायचा तो मोठ्या यात्रांत. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा त्यांतली ठळक. मार्गशीर्षाच्या अखेरीस भरणाऱ्या या यात्रेत घोड्यांचा, गाढवांचा, उंटांचा बाजार भरतो, भटक्या जमातींची पाले पडतात आणि त्यांच्या शेजारी तमाशाच्या कनाती. एका मैदानात अनेक फड उतरले की कुणाचा वग कसा आहे याची बातमी पहाटेपर्यंत सगळ्या यात्रेत होते आणि दुसऱ्या रात्रीची गर्दी त्यावरून ठरते. अशा स्पर्धेतून वग सुधारले, सोंगाडे तयार झाले. काळू-बाळू कवलापूरकरांच्या जोडीसारखा विनोद अशा उघड्या मैदानांतच पारखला गेला.

रात्रभराचा खेळ मोडला तो वेळेच्या बंधनाने. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई केली. काही मोजक्या दिवसांसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते. छबिना होऊन तमाशा उभा राहायला अकरा वाजत असतील तर वगाला वेळच उरत नाही. गण-गवळण आटोपती झाली, वग तासाभरावर आला, तोही पुष्कळदा गळाला आणि त्याची जागा चित्रपटगीतांवरच्या नाचांनी घेतली. तमाशा बिघडला असे म्हणणाऱ्यांनी या बदलाचा हिशेब धरायला हवा. कथा सांगायला वेळ लागतो, आणि नेमका तोच काढून घेतला गेला. स्वस्त ऑर्केस्ट्रा आणि दूरचित्रवाणी यांचा मारा त्याच काळात वाढला.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली. राहुट्या ओस पडल्या, दिलेल्या सुपाऱ्या परत मागितल्या गेल्या. २०२१च्या पाडव्यालाही निर्बंधांमुळे जत्रा भरल्या नाहीत. सलग दोन हंगाम गेल्याने कलावंतांना मोलमजुरी आणि शेतमजुरी करावी लागली. २०२२ साली पाडव्याच्या तोंडावर राज्याने निर्बंध उठवले आणि नारायणगावात पुन्हा राहुट्या लागल्या. आता पुष्कळ सौदे आधी फोनवर ठरतात आणि फडांच्या चित्रफिती मोबाइलवर पाहिल्या जातात, पण वहीत नाव घालून इसार द्यायला गावचे कारभारी अजूनही राहुटीत येतात.