परदेशी वाहनचालक परवान्याचे रूपांतर (जर्मनी)

परदेशी वाहनचालक परवान्याचे रूपांतर म्हणजे अन्य देशात मिळालेल्या परवान्याच्या आधारे जर्मनीतील परवाना मिळवण्याची कायदेशीर प्रक्रिया होय. जर्मन भाषेत तिला 'उमश्रायबुंग' असे म्हणतात. नोकरी वा शिक्षणानिमित्त जर्मनीत वास्तव्यास जाणाऱ्या, युरोपीय संघाबाहेरील नागरिकांना ती विशेषत्वाने लागू होते. युरोपीय संघ व युरोपीय आर्थिक क्षेत्रातील देशांचे परवाने जर्मनीत सामान्यतः रूपांतराविनाच ग्राह्य असतात. 'रूपांतर' या शब्दावरून केवळ कागदाची अदलाबदल अभिप्रेत असल्याचा समज होतो. मात्र भारतीय परवानाधारकास त्यासाठी लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

सहा महिन्यांची मुदत

जर्मनीत नेहमीचे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेपर्यंत मूळ देशाच्या वैध परवान्यावर वाहन चालवता येते. एकूण वास्तव्य बारा महिन्यांहून अधिक नसल्याचे दाखवून दिल्यास ही मुदत आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवून मिळू शकते. शिकाऊ परवाना या सवलतीस पात्र नाही. तसेच जर्मनीत स्थायिक झाल्यानंतर सुटीत मायदेशी येऊन काढलेला परवानाही सामान्यतः ग्राह्य धरला जात नाही, कारण परवाना मिळवताना धारकाचे नेहमीचे वास्तव्य जर्मनीबाहेर असणे आवश्यक असते.

आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवान्याविषयी मोठा गैरसमज आढळतो. भारतात प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून मिळणाऱ्या या परवान्यावर एक वर्षाची मुदत छापलेली असते. त्यामुळे जर्मनीतही वर्षभर वाहन चालवता येईल, असे अनेकजण गृहीत धरतात. वस्तुतः हा दस्तऐवज मूळ परवान्याच्या अधिकृत भाषांतरासारखा असून मूळ परवान्यावाचून त्यास स्वतंत्र अस्तित्व नाही. सहा महिन्यांची मुदत त्यामुळे वाढत नाही.

मुदत संपल्यानंतर वाहन चालवणे हे विनापरवाना वाहन चालवणे ठरते. जर्मन कायद्यानुसार हा केवळ नियमभंग नसून फौजदारी गुन्हा आहे व त्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. परवाना नसलेल्या व्यक्तीस वाहन चालवू देणारा वाहनमालकही शिक्षेस पात्र ठरतो. कर्मचाऱ्यास कंपनीची मोटार देणाऱ्या आस्थापनांना याच कारणाने परवान्याची तपासणी करावी लागते. अपघात झाल्यास विमा कंपनी पीडितास भरपाई देते, परंतु त्यातील ५,००० युरोपर्यंतची रक्कम चालकाकडून वसूल करू शकते. मुदत उलटल्याने वाहन चालवण्याचा अधिकार संपतो, रूपांतरासाठी अर्ज करण्याचा मात्र नाही.

देशांनुसार भेद

चालन-अनुमती नियमावलीच्या अकराव्या परिशिष्टात काही देशांची व प्रांतांची यादी दिलेली आहे. जपान, दक्षिण कोरिया, स्वित्झर्लंड, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका इत्यादी देशांच्या मोटारगाडी परवान्यास परीक्षेविना जर्मन परवाना मिळतो. अमेरिकेच्या बाबतीत नियम राज्यागणिक बदलतो. काही राज्यांच्या परवानाधारकांना फक्त लेखी परीक्षा द्यावी लागते. या यादीत भारताचा समावेश नाही. येथे अर्जदाराचे नागरिकत्व नव्हे, तर परवाना देणारा देश निर्णायक ठरतो. त्यामुळे सिंगापुरात रीतसर राहून तेथील परवाना मिळवलेल्या भारतीय नागरिकास परीक्षेतून सूट मिळू शकते.

भारतीय परवानाधारकांसाठी प्रक्रिया

अर्ज वास्तव्याच्या ठिकाणच्या परवाना कार्यालयात करावा लागतो. त्यासोबत वास्तव्याची नोंद, मूळ परवाना व त्याचे जर्मन भाषांतर, छायाचित्र, दृष्टितपासणीचे प्रमाणपत्र आणि प्रथमोपचार प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. नवशिक्यांना सक्तीचे असलेले वर्ग व सरावतास भारतीय परवानाधारकांना माफ असतात. तथापि प्रत्यक्ष परीक्षा दुहेरी नियंत्रणाच्या वाहनात, प्रशिक्षकाच्या उपस्थितीत होत असल्याने मोटार प्रशिक्षण शाळेची मदत घ्यावीच लागते.

मोटारगाडीच्या लेखी परीक्षेत ३० प्रश्न असतात व दहापेक्षा अधिक दोषगुण झाल्यास परीक्षार्थी अनुत्तीर्ण होतो. ही परीक्षा जर्मनखेरीज इंग्रजीसह बारा भाषांत देता येते; त्यांत एकही भारतीय भाषा नाही. प्रत्यक्ष परीक्षा जर्मन भाषेत घेतली जाते.

भारतात अनेक वर्षे वाहन चालवलेल्यांनाही ही परीक्षा सोपी जात नाही. वाहतूक उजव्या बाजूने चालते, एवढाच फरक नसतो. चिन्ह वा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनास प्रथम जाऊ देणे बंधनकारक असते. मोठ्या रस्त्यावरील किंवा वेगातील वाहनास आपोआप अग्रक्रम मिळत नाही. मार्गिका बदलताना वा वळताना आरशासोबत मान वळवून खांद्यावरून मागे पाहणे अपेक्षित असते. अशा सवयी अंगवळणी पडण्यासाठी सक्ती नसतानाही काही सरावतास घेणे हिताचे ठरते. स्वयंचलित गिअरच्या वाहनावर परीक्षा दिल्यास परवाना सामान्यतः त्याच प्रकारच्या वाहनांपुरता मर्यादित राहतो.

जर्मन परवाना हाती देताना मूळ परवाना जमा करून घेतला जातो. संबंधित देशाशी तसा करार असल्यास तो परत पाठवला जातो, अन्यथा कार्यालयातच ठेवला जातो आणि जर्मन परवाना जमा केल्यावरच परत मिळतो. नवीन चालकांना लागू असलेल्या दोन वर्षांच्या परिवीक्षा कालावधीत मूळ परवाना मिळाल्यापासूनचा काळ धरला जातो.

व्यावसायिक चालक

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन व जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी सामंजस्य करार झाला. त्यात परिचारिका, तंत्रज्ञ आदींबरोबर वाहनचालकांचाही विचार झाल्याने हा विषय महाराष्ट्रात महत्त्वाचा ठरला. ट्रक व बसच्या परवान्यासाठी वैद्यकीय तपासणीची आवश्यकता अधिक कडक असून हे परवाने पाच वर्षांच्या मुदतीने दिले जातात. त्याखेरीज मालवाहतूक वा प्रवासी वाहतुकीत नोकरी करण्यासाठी व्यावसायिक चालकाची स्वतंत्र अर्हता सिद्ध करावी लागते. केवळ परवान्याचे रूपांतर त्यासाठी पुरेसे नसते.