तळटीप : पोटाचे ऑपरेशन

१. देवळ्याच्या या कथनात येणारे ‘पोटाचे ऑपरेशन’ म्हणजे वजन घटवणारी बेरियाट्रिक शस्त्रक्रिया. तिचे मुख्य प्रकार दोन. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते केळ्याएवढी नळी. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरकही त्यामुळे घटते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून अन्न पुढे सरकते. शस्त्रक्रियेनंतर बाजरीची भाकरीही चतकोर, तीही सावकाश चावून खावी लागते. जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम आयुष्यभर घ्यावे लागते. हा आजारावरचा उपचार आहे. वाचकांनी त्याला सौंदर्योपचार समजू नये. — संपा.