दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी: गिरणीचा भोंगा आणि अंगातलं घड्याळ

"आपल्या एनर्जीप्रमाणे दिवस आखा" हा सल्ला सध्या जिकडेतिकडे ऐकू येतो. डोकं ताजं असेल तेव्हा अवघड काम करा, जेवणानंतर झापड येते तेव्हा ईमेल आणि किरकोळ कामं उरका. सल्ला खोटा नाही. शरीरातलं हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसं चालतं, हे उलगडणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेलही मिळालं. पण सल्ला देणारा एक गोष्ट धरून चालतो, ती म्हणजे तुमचा दिवस तुमच्या हातात आहे. आज त्या हाताबद्दल बोलू.

मी शहापूरजवळच्या सापगावातून काम करतो. इथे भेंडीवाले उजाडता उजाडता शेतात असतात, ऊन चढायच्या आत तोडणी उरकायची म्हणून. भर दुपारी शिवारात चिटपाखरू नसतं, उन्हं कलली की परत हालचाल. शेतीत कष्ट कमी असतात असं नाही हं, लावणीत कंबर मोडून निघते. पण कधी टेकायचं हे बरंचसं ऊन आणि अंग मिळून ठरवतात. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, साताऱ्याकडून मुंबईच्या गिरण्यांत गेलेला माणूस असाच दिवस अंगात घेऊन गेला होता.

तिथे भोंगा होता. गिरणी साधारण उजेड असेपर्यंत चालायची. मुंबईत डिसेंबरचा दिवस ११ तासांचा, जूनचा १३ तासांहून मोठा. म्हणजे काम उन्हाळ्यात वाढायचं, नेमकं अंग थकतं तेव्हा. रविवारची हक्काची सुट्टी नव्हती.

सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा घेतली. लोखंडे आपल्या ठाण्यात जन्मलेले, महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. त्यांनी गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केली होती, त्यामुळे आतला कारभार ठाऊक होता. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या बघा: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार.

पाचातल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत! मला हे वाचताना सगळ्यात जास्त याचंच वाटलं. पैसे वाढवा असं त्यात नाही. रविवारची सुट्टी मालकांनी १० जून १८९० ला मान्य केली. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आला. पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा नव्हतीच. कायदा नव्हता तरी एक नैसर्गिक कुंपण होतं, अंधाराचं.

ते विजेने तोडलं. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, बाजार तेजीत होता, आणि काही गिरण्यांत दिवस १५ तासांपर्यंत गेला. पहाटे पाचला आत, रात्री आठला बाहेर. चाळीत पोचून जेवायचं कधी, झोपायचं कधी?

मग माणसांनी काय केलं, तर विश्रांती तुकड्यातुकड्यांनी परत घेतली. साचा शेजाऱ्याच्या भरवशावर सोडून विडी ओढायला जा, भाकरी खा, अंघोळ कर, जरा टेक. हे इतकं सर्रास होतं की गिरण्या जादा माणसं ठेवूनच चालत. १९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनने याची दखल घेतली, पण बहुमताचा सूर असा की हिंदी कामगाराला सलग मेहनत जमत नाही, कंटाळा आला की थांबायचं आणि काम दिवसभर पसरवायचं ही त्याची प्रवृत्तीच आहे. म्हणून प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा नको. आता हेच वर्णन इंग्रजीत नीट लिहून स्लाइडवर टाका, 'एनर्जी मॅनेजमेंट'चं वर्कशॉप तयार! १५ तास सलग कोणाला जमतं, हा साधा प्रश्न होता. मद्रासचे डॉक्टर टी. एम. नायर यांनी त्याच कमिशनमध्ये स्वतंत्र मत नोंदवलं आणि पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा मागितली. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत ती आली: १२ तास.

पुढचं भराभर सांगतो. १९२२ ला ११, १९३४ ला १०, १९४६ ला ९ तास, आणि १९४८ ला सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. म्हणजे १२ वरून ९ वर यायला ३५ वर्षं लागली.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. कामगाराची संमती आणि ओव्हरटाइमचे पैसे या अटी होत्या. आमची आयटी ऑफिसं दुकाने व आस्थापना कायद्याखाली येतात, तिथे ९ चे १० झाले. रात्री साडेनऊला अमेरिकेच्या कॉलला बसणाऱ्या माझ्यासारख्याने दिवस नक्की कुठून मोजायचा, हे त्यात सापडत नाही. आणि ती संमती, नोकरी हवी असलेला माणूस कितीदा नाकारू शकतो? कारखान्यात, ऑफिसात काम करणाऱ्यांनी यावर मला जरूर लिहा.