शॉर्ट क्रीक : एका पहाटेचा घटनाक्रम

शनिवार, २५ जुलै १९५३, रात्र
ॲरिझोना आणि युटाच्या सीमेवर शॉर्ट क्रीक हे जेमतेम चारशे वस्तीचं गाव. जिल्ह्याचं ठाणं किंगमन, मध्ये ग्रँड कॅन्यनची दरी. मुख्य मॉर्मन पंथाने १८९० मध्ये बहुपत्नीत्व सोडलं. इथल्या लोकांनी धर्म म्हणून ते धरून ठेवलं. मुलगी कुणाच्या घरी द्यायची हे त्यांच्या वेगळ्या पंथाचे पुढारी ठरवत. पंधरा-सोळाव्या वर्षी ती एखाद्या संसारी पुरुषाची आणखी एक बायको होई. तिला नाही म्हणायची सोय होती का? कायद्याने विचारायचा प्रश्न एवढाच होता.

मध्यरात्रीनंतर
ॲरिझोनाचे गव्हर्नर हॉवर्ड पाइल यांनी गावावरच्या छाप्याची महिनोन् महिने गुपचूप तयारी केली होती. सिनेमावाले असल्याचं भासवून गुप्तहेर गावात फिरून गेले होते. आता शंभरावर पोलीस निघाले आणि त्यांच्यासोबत बातमीदारही. मुलांच्या सुटकेसाठी जाताना छायाचित्रकार कशाला हवे होते, हे मला आजही उमगत नाही.

रविवार, पहाटे ४
चंद्राला ग्रहण लागलेलं. अंधाराचा फायदा घ्यायचा बेत होता, पण गावाला कुणकुण लागली होती. टेहळणीवरच्या माणसांनी डायनामाइटचे बार काढून इशारा दिला. पोलिसांना प्रतिकार झालाच नाही. शाळेच्या आवारात अमेरिकेचा झेंडा उभारून बाया-पोरांसह सारं गाव भजनं गात होतं. त्या घोळक्यात अल्पवयात लग्न झालेली मुलगी होती, तिची सवत होती, तान्ही बाळं होती आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशी माणसंही होती. पोलिसांच्या लेखी ते सगळं एकच होतं.

सकाळी ९
पाइल रेडिओवर बोलले. राज्याच्या हद्दीतच बंड माजलं होतं, ते मोडून काढलं, असा त्यांच्या भाषणाचा सूर. मुलींच्या संमतीचा प्रश्न बंडाच्या भाषेत बुडाला.

त्यानंतर
पुरुषांची रवानगी तुरुंगात झाली. २६३ मुलं राज्याच्या ताब्यात गेली आणि बसमधून दूर फिनिक्सच्या बाजूला नेली गेली. यात मुलगे, रांगती बाळं, सगळे आले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत कोरियाच्या युद्धविरामाची बातमी होती. तिच्या शेजारी आयांना बिलगलेल्या पोरांची छायाचित्रं. लोकमत फिरलं. पुरुष कटाच्या आरोपाखाली गुन्हा कबूल करून परिवीक्षेवर सुटले. १९५४ ची निवडणूक पाइल हरले. दोनेक वर्षांत बहुतेक मुलं परतली, आणि पुढची कित्येक दशकं या गावाकडे बघायची कुठल्याच सरकारची छाती झाली नाही. याची किंमत पुढच्या पिढीतल्या मुलींनी मोजली.

एप्रिल २००८
याच पंथाच्या टेक्सासमधल्या एल्डोराडोच्या वस्तीवर, बनावट निघालेल्या एका फोनवरून, पुन्हा छापा. चारशेहून अधिक मुलं उचलली गेली. २९ मे रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने, सगळ्या मुलांना असं सरसकट काढून नेण्याइतका पुरावा नाही असं मानून, ती परत करायला लावली. त्या झडतीत सापडलेल्या नोंदी आणि ध्वनिफिती मात्र राहिल्या. त्यांच्यावर आणि डीएनएवर पंथप्रमुख वॉरन जेफ्सविरुद्धचा खटला उभा राहिला, तो दोन मुलींचा : एक बारा वर्षांची, दुसरी पंधरा. ऑगस्ट २०११ मध्ये जेफ्सला जन्मठेप झाली.